एचपी सगळे विचारतात, गिअरबॉक्स कोणी विचारत नाही

ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की हिंगोली जिल्ह्यात पहिला प्रश्न येतो, किती एचपीचा? मग डिझेल किती खातो, हप्ता किती बसेल, ट्रॉली ओढतो का. गिअरबॉक्स कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारणारा विरळाच. वसमतची हळद असो, कारखान्याचा ऊस असो की सेनगावकडचं सोयाबीन, इंजिनातली ताकद जमिनीपर्यंत पोचते ती याच बिडाच्या पेटीतून. म्हणून तिची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

आधी एक साधं गणित. मागच्या चाकाचा घेर चार मीटर धरा आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे मारतंय असं समजा. हळदीचं रान रोटाव्हेटरने बारीक करायचं तर ट्रॅक्टर ताशी २.४ किलोमीटरने पुढे सरकायला हवा. म्हणजे मिनिटाला ४० मीटर, म्हणजे चाकाचे फक्त १० फेरे. दोन हजारांचे दहा करायचे, २०० पट घट! तोच ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन ताशी ३० किलोमीटरने घरी निघाला की चाक १२५ फेरे घेतं आणि घट उरते १६ पट. फेरे घटतात त्या प्रमाणात जोर वाढतो. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि फायनल ड्राइव्ह मिळून हे साधतात, पण घट किती ठेवायची ते चालकाच्या हातातला दांडा ठरवतो.

आपल्याकडच्या गिअरबॉक्सच्या मुख्य पद्धती तीन. सगळ्यात जुनी स्लायडिंग मेश. यात खाचांच्या शाफ्टवरून अख्खा गिअर सरकतो आणि समोरच्या गिअरच्या दातांत शिरतो. दोघांचे फेरे जुळले नाहीत की कडकडाट ठरलेला, म्हणून ट्रॅक्टर थांबवूनच गिअर टाकायचा. मॅसी फर्ग्युसन १०३५ हा याच घराण्यातला, सहा पुढचे आणि दोन मागचे गिअर असलेला. तीन गिअर, त्यांना हाय-लोची (जलद-मंद पट्ट्यांची) जोड, झाले सहा. महिंद्राचा बी-२७५ मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. त्या कंपनीशी १९६३ मध्ये झालेल्या भागीदारीतून तो मुंबईत बनू लागला. त्यात चार गिअर आणि हाय-लो, म्हणून आठ पुढचे, दोन मागचे.

दुसरी पद्धत कॉन्स्टंट मेश. इथे गिअरचे दात एकमेकांत कायम अडकलेले असतात. सरकतो तो फक्त कॉलर, जो हवा तो गिअर शाफ्टला जखडतो. दातांवर घाव बसत नाही, तिरपे दात वापरता येतात, आवाज कमी होतो. जॉन डिअर ५३१० मधला नऊ पुढचे, तीन मागचे गिअर असलेला कॉलरशिफ्ट गिअरबॉक्स या जातीचा.

तिसरी सिंक्रोमेश. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावलं पळतो, मग दांडी धरतो. इथे ते पळणं पितळी रिंग करते. ती आधी गिअरच्या कोनावर घासून फेरे जुळवते, मगच कॉलर आत जातो. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत ही सोय पहिल्यांदा आली. महिंद्राच्या अर्जुन नोवोमध्ये पंधरा पुढचे आणि तीन मागचे गिअर आहेत, तेही सिंक्रोमेशचे.

पद्धतीइतकंच महत्त्वाचं गिअरमधलं अंतर. जुन्या अमेरिकन मोटारींचे शौकीन त्यावर आजही तासन् तास वाद घालतात. १९६३ पासून शेवरलेच्या दणकट मोटारींत आलेल्या मन्सी गिअरबॉक्सचे दोन प्रकार बघा. एकाचा पहिला गिअर २.५२ पट घटीचा, दुसऱ्याचा २.२०. पहिला जागेवरून जोरात निघतो, दुसऱ्यात गिअरमधलं अंतर कमी असल्याने शर्यतीत इंजिनाचा सूर मोडत नाही. महिंद्राने १९४७ पासून जोडायला घेतलेल्या विलिज जीपचं नातंही तिथलंच. तिचा तीन गिअरचा टी-९० आणि १९५७ मध्ये शेवरलेच्या कॉर्व्हेट मोटारीला मिळालेला चार गिअरचा टी-१० हे दोन्ही बोर्ग-वॉर्नर कंपनीच्या घरचे. टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, त्यामुळे जीप थांबवल्याशिवाय पहिला गिअर निमूट पडत नसे. तिकडच्या वादाचं सूत्र आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं: गिअर किती आहेत यापेक्षा कामाच्या वेगाजवळ किती आहेत, हे महत्त्वाचं.

शेतीची बहुतेक कामं ताशी दोन ते आठ किलोमीटरच्या आत होतात. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून रोटाव्हेटर लावला आणि वेग दुप्पट केला की पातं दुप्पट जाडीचं ढेकूळ कापतं. हळदीच्या गादीवाफ्याला भुसभुशीत माती लागते, म्हणून तिथे हळू गिअरच हवा. वसमतच्या ज्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची काढणीही आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरच्या यंत्राने होते. वेग वाढला तर गड्डे कापले जातात. इंजिनाचे फेरे उतरवून वेग कमी केला तर पीटीओही मंदावतो. उपाय एकच, खालचा गिअर.

उसाच्या वाहतुकीत गिअरबॉक्सचा प्रश्न जिवाशी येतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आहेत. स्लायडिंग मेशच्या ट्रॅक्टरचा वेग एकदा वाढला की फेरे जुळत नाहीत, दांडा कितीही दाबला तरी गिअर पडत नाही. इंजिनाचा रोध गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. औंढ्याकडचा उतार असो की कालव्यावरच्या पुलाचा, नियम एकच: उतार लागण्याआधी गिअर ठरवा आणि तो पायथ्यापर्यंत सोडू नका. सिंक्रोमेश असला तरी हा नियम बदलत नाही.

दुरुस्तीत मात्र जुनी पद्धत उजवी ठरते. झाकण उघडलं की दोष डोळ्यांना दिसतो. दातांच्या कडा गोल झालेल्या असतात, तळाच्या ऑइलमध्ये लोखंडाचा कीस चमकतो. शिफ्टर रॉडची गोळी-स्प्रिंग मऊ पडली असेल तर ओझ्याखाली गिअर सुटतो. हा भाग किरकोळ, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे गिअरच बदलावा लागतो. सिंक्रोमेशची पितळी रिंग झिजली की मिस्त्रीही जाणकार लागतो आणि भागही नेमका लागतो. ऑइलही कंपनीने सांगितलेलंच हवं, कारण काही गिअर ऑइलमधली रसायनं पितळ खातात. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, हे कोणत्याही पद्धतीत खरं.

मग चांगला कोणता? रोटाव्हेटर, नांगर, पेरणी एवढंच काम असेल तर गिअर शेतात सारखा बदलावा लागत नाही. साधा, गावात दुरुस्त होणारा गिअरबॉक्स पुष्कळ झाला. लोडर चालवायचा, दिवसभर पुढे-मागे करायचं, रस्त्यावर ऊस वाहायचा, तर कॉन्स्टंट मेश किंवा सिंक्रोमेशला मोजलेले जास्तीचे पैसे मनगट आणि क्लच प्लेट वाचवून परत येतात. हळद करणाऱ्याने तर ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात गिअरनिहाय वेगाचा तक्ता आधी बघावा. ताशी दोन ते चार किलोमीटरच्या पट्ट्यात किमान दोन गिअर नसतील, तर पाच एचपी जास्त मिळाले म्हणून तो ट्रॅक्टर घेऊ नये.

शोरूममध्ये एचपी विचारायला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या जोडीला तीन प्रश्न विचारायची सवय लागली पाहिजे: गिअरबॉक्स कोणत्या पद्धतीचा, सगळ्यात हळू गिअरला वेग किती आणि त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात का. उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याकडून माहितीपत्रक मागून घ्या आणि घरी बसून वाचा. दहा-पंधरा वर्षं जिच्यावर शेती चालणार, त्या वस्तूला एवढा वेळ द्यायलाच हवा.