दारफाळणीचा सण व त्याची तिथि

जुन्या कागदांत ‘दारफाळणीचा सण’ असा काळनिर्देश आढळल्यास खानदेशांतील संग्राहकास तो अपरिचित वाटेल. हा कोंकणांतील बेने इस्रायल, म्हणजे शनवारतेली, समाजाचा सण होय. इब्री भाषेंत यास ‘योम किप्पूर’, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतात. शुभ्र वस्त्रें नेसून, दारें लावून, परक्याचा स्पर्श टाळून निर्जळी उपवास करावयाचा, यावरून हें नांव पडलें. दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेस ‘नईला’, म्हणजे द्वार मिटणें, म्हणतात. तिच्याशीं संबंध जोडण्याचा मोह होतो, पण घराच्या दाराचा साधा अर्थच आम्हांस ग्राह्य वाटतो. दुसऱ्या दिवशीं दानधर्म व भेटीगांठी. तो ‘शिळा सण’.

खरी अडचण तिथीची. सण तिश्री महिन्याच्या १० व्या दिवशीं, आदल्या सूर्यास्तापासून. यहुदी महिनेही चांद्र, १९ वर्षांत ७ अधिक. म्हणून तो शुद्ध दशमीच्या आसपासच पडावयाचा. पण कोणत्या महिन्याची दशमी? दोन्ही पंचांगांचे अधिक मास एकाच वेळीं येत नाहींत. १२ ऑक्टोबर २०२४ व २ ऑक्टोबर २०२५ रोजीं दारफाळणी व दसरा एकाच दिवशीं आले. २०२३ सालीं मात्र अधिक श्रावणामुळें दसरा २४ ऑक्टोबरास गेला व दारफाळणी २५ सप्टेंबरास, भाद्रपदांत, झाली. तेव्हां ‘दसऱ्याचा सुमार’ धरून मिति ठरवूं नये. ठरीव इब्री गणितानें रविवारीं, मंगळवारीं वा शुक्रवारीं हा सण येत नाहीं; कागदांत तसा वार दिसल्यास प्रथम वाचन व नक्कल पुन्हां तपासावी.