मुखाकृती व दंताकृती

चेहऱ्याची बाह्यरेषा आणि वरच्या जबड्यातील मधल्या पटाशीच्या दातांचा (मध्य कृंतकांचा) आकार यांतील मानलेले साम्य. सर्व दात पडलेल्या व्यक्तीसाठी कवळी करताना मूळ दातांचा पुरावा पुष्कळदा उपलब्ध नसतो. समोरचे दात चेहऱ्याला विजोड झाल्यास ती व्यक्ती स्वतःला व आप्तांना परकी वाटू लागते. म्हणून दातांचा आकार कशावरून ठरवावा, हा प्रश्न दंतवैद्यकात महत्त्वाचा ठरला.

एकोणिसाव्या शतकात हा आकार व्यक्तीच्या प्रकृतीवरून ठरवीत. ही कल्पना ग्रीक वैद्यकातील चार द्रवांच्या सिद्धांतावर आधारलेली होती. १९१४ च्या सुमारास जे. लीऑन विल्यम्स या अमेरिकन दंतवैद्यांनी मानवी कवट्यांच्या पाहणीवरून तिच्याऐवजी भूमितीय उपपत्ती मांडली. दातांचे चौरस, निमुळता व अंडाकार असे तीन मूळ प्रकार त्यांनी मानले. मधला दात उलटा धरला असता त्याची चावण्याची रुंद कड कपाळाशी व हिरडीकडील अरुंद भाग हनुवटीशी जुळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रकारांनुसार कृत्रिम दात तयार होऊ लागले व निवडीची ही सोपी रीत सर्वत्र रूढ झाली.

पुढे दात व चेहरा यांच्या बाह्यरेषा एकमेकींवर ठेवून तुलना करण्यात आली. १९७८ मध्ये बेल यांनी आणि १९८० मध्ये मॅव्ह्रोस्कुफिस व रिची यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत या उपपत्तीस आधार मिळाला नाही. कायम मध्य कृंतकाचा शिखरभाग वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी पूर्ण होतो व नंतर वाढत नाही. चेहरा मात्र तारुण्यापर्यंत वाढत राहतो. शिवाय दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजते व चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो. म्हणजे ज्या चेहऱ्यावरून दात निवडावयाचे, तोच दातांअभावी बदललेला असतो.

१९५५ नंतर फ्रश व फिशर यांनी लिंग, व्यक्तिमत्त्व व वय यांवर भर दिला. परंतु स्त्रियांचे दात गोलसर असतात हा नियमही सर्वत्र लागू पडत नाही. म्हणून मुखाकृती हा आरंभीचा अंदाज समजतात. दात काढण्यापूर्वी घेतलेले ठसे, काढलेले दात व हसऱ्या चेहऱ्याची जुनी छायाचित्रे हा अधिक विश्वसनीय आधार होय. कवळी पक्की करण्यापूर्वी दात मेणात बसवून रुग्णाच्या तोंडात पाहतात आणि त्याची संमती घेतात.