पानांसाठी वाढवायचं ऑर्किड : ज्वेल ऑर्किड (आणि आपल्या आंब्यावरची रास्ना)



ऑर्किड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाच्या स्टेजवरची जांभळी-पांढरी फुलं येतात. मराठीत या कुळाला 'आमरी' म्हणतात. जगात या कुळाच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत. पदार्थाला वास येण्यासाठी वापरतो तो व्हॅनिलासुद्धा एका ऑर्किडच्याच शेंगेतून मिळतो. आज मात्र अशा एका ऑर्किडची माहिती घेऊ, जे लोक फुलासाठी नाही तर पानांसाठी लावतात.

ओळख

नाव ज्वेल ऑर्किड. शास्त्रीय नाव लुडिसिया डिस्कलर. मूळ घर दक्षिण चीनपासून व्हिएतनाम, थायलंड, मलेशियापर्यंतची दाट जंगलं. बरीचशी ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर वाढतात, हे मात्र जंगलातल्या कुजक्या पाल्यात, जमिनीवर सरपटत वाढतं. पान गर्द मरून, हात लावला तर मखमली, आणि त्यावर तांबूस-सोनेरी शिरांच्या बारीक रेघा. जणू पैठणीच्या पदरावरची जर! हिवाळ्याच्या शेवटी एक उभा दांडा येतो आणि त्यावर छोटी पांढरी, मध्ये पिवळा ठिपका असलेली फुलं येतात.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पान हिरवं नाही, मग ते अन्न कसं बनवतं?" उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. लाल माठाची पानं पाण्यात उकळून दाखवा. लाल रंग पाण्यात उतरतो आणि पान हिरवट दिसायला लागतं. म्हणजे हरितद्रव्य होतंच, लाल रंगाने झाकलं होतं. माठाचा लाल रंग आणि या ऑर्किडचा लाल रंग ही रसायनं वेगळी आहेत, पण दोन्ही पाण्यात विरघळणारी आहेत आणि दोन्हींच्या आड हरितद्रव्य काम करत असतं.

आमचं पहिलं रोप कसं गेलं

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेतला, पर्जन्यछायेचा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी ठाक. अशा ठिकाणी जंगलातल्या ओलाव्याचं रोप? मीही हौसेने आणलं आणि वर्गाच्या खिडकीत ठेवलं. मुलांनी इतकं प्रेम केलं की विचारू नका. जो येईल तो पेलाभर पाणी घालायचा! पंधरा दिवसांत खोड तळापासून मऊ पडलं आणि रोप आडवं झालं. "बाई, रोज पाणी घातलं तरी कसं मेलं?" एका मुलीचा हा प्रश्न मला आजही आठवतो. टंचाईच्या गावातल्या मुलांना पाणी कमी पडून झाड वाळतं हे माहीत असतं. जास्त पाण्यानेही झाड मरतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

कारण असं: मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना कुजवते. या रोपाला हवेत ओलावा पाहिजे, मुळाशी चिखल नको. हा एक फरक कळला की निम्मं काम झालं.

निगा कशी राखावी?

१. कुंडी व माती : कुंडी पसरट, उथळ आणि तळाला भोकं असलेली घ्या. आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते. कोकोपीट, चांगलं कुजलेलं पानांचं खत आणि कोळशाचे बारीक तुकडे असं भुसभुशीत मिश्रण करा.

२. उजेड : थेट ऊन नको, पानं करपतात. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत, वाचता येईल इतका उजेड पुरतो.

३. पाणी : बोट घालून बघा. वरचा थर सुकला असेल तरच पाणी द्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याने कुंडीच्या काठावर पांढरे क्षार साचतात. त्यापेक्षा पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून झाकून ठेवा. एका कुंडीला पाणी लागतं तरी किती!

४. उन्हाळा : ताटलीत खडे पसरा, खड्यांच्या खाली राहील इतकं पाणी घाला आणि वर कुंडी ठेवा. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. घरात रांजण किंवा माठ असेल तर त्याच्या शेजारची जागा उत्तम.

५. खत : पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भाग पुरे. थंडीत देऊ नका.

६. कीड : पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

७. नवीन रोपं : दोन-तीन पेरांचा खोडाचा तुकडा ओलसर मिश्रणावर आडवा ठेवा. काही आठवड्यांत पेरांना मुळं फुटतात.

बरणीतली बाग

दुसऱ्या वेळी आम्ही रोप लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत लावलं. तळाला खडे, त्यावर कोळसा, मग मिश्रण, आणि वर झाकण. ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना 1829 च्या सुमारास बंद काचेत रोपं टिकतात हे दिसलं. पुढे अशाच काचपेट्यांतून रोपं जहाजाने देशोदेशी गेली. बरणीत बाष्प काचेला लागतं, थेंब होतात, पुन्हा मातीत उतरतात. जलचक्राचा धडा फळ्यावर न काढता समोर दिसतो! महिन्यातून दोन-चार चमचे पाण्यावर आमचं रोप उन्हाळा काढून गेलं. काचेवर फारच पाणी जमलं तर तासभर झाकण उघडायचं, आणि बरणी उन्हात कधीच ठेवायची नाही, एवढंच.

आणि आपली रास्ना

हे सगळं पाहून एक मुलगा शेतातल्या आंब्यावरून एक झुडूप ओढून घेऊन आला. "बाई, बांडगूळ आणलंय, हे पण लावू." ते होतं रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा. आपलं गावचं ऑर्किड! फुलांवर तपकिरी चौकटींची नक्षी असते. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून पाणी आणि क्षार ओढतं. रास्ना झाडावर फक्त बसते. तिची जाड पांढरट मुळं पावसाचं आणि हवेतलं पाणी टिपतात. आंब्याचं ती काही खात नाही. पण बांडगूळ समजून आपण तिला कोयत्याने छाटतो.

ती पुन्हा उगवणं सोपं नसतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. योग्य बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 मध्ये हे ओळखलं. म्हणून जंगलातून किंवा झाडावरून ऑर्किड काढू नये. विकत घ्यायचं तर रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्यावं.

आम्ही सगळे त्या आंब्याकडे गेलो आणि रास्ना सुतळीने पुन्हा खोडाला बांधली. पुढच्या पावसाळ्यात तिची नवी मुळं सालीला चिकटलेली दिसली. त्या मुलाने ती घरच्यांनाही नेऊन दाखवली. आता त्या आंब्यावर कोयता चालत नाही.

वर्गात बरणी जरूर ठेवा. पण त्याआधी मुलांना घेऊन गावातला एखादा जुना आंबा वर मान करून बघा. कदाचित तुमचं पहिलं ऑर्किड तिथेच बसलेलं असेल.