क्यूआर पुस्तकात, फोन कपाटात

शाळेच्या फाटकाशी मोबाइलला बंदी. आणि घरी गृहपाठाला बसलं की बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला आईचाच फोन! हा कोड मुलांना थेट ‘दीक्षा’ या शैक्षणिक अ‍ॅपवर नेतो. त्यामुळे नुसती बंदी म्हणजे अर्धाच नियम.

मग स्क्रीनसमोर किती वेळ? करोनाकाळात, जुलै २०२०मध्ये आलेल्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन वर्गांचं माप होतं : पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटं, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला चार. शाळा पुन्हा भरल्या नि हे माप विस्मरणात गेलं.

मोठ्यांनाही लागू असलेला नियम सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं केला. ऑगस्ट २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बाजूला; पोरं अभ्यासाला. भोंगा आजीच्या मालिकेलाही सूट देत नाही, हे विशेष.

पुढच्या पालकसभेत दोनच प्रश्न विचारा : शाळेचा मोबाइल-नियम लेखी आहे का? आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपऐवजी डायरीत मिळेल का?