मशीद बंदरचे दिवेकर

आमची शाळा अंबरनाथच्या एमआयडीसीजवळ आहे. मुलांचे आईबाबा कंपन्यांमध्ये कामासाठी गावोगावहून आलेले. त्यामुळे हजेरी घेताना माझ्या तोंडून महाराष्ट्राचा अर्धा नकाशाच निघतो. पेणकर, जळगावकर, संगमनेरकर... ‘कर’ म्हणजे त्या गावचा. आणि गंमत बघा, पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथे पेणकर म्हणून कोणाला ओळखणार? माणूस गाव सोडून निघाला, की गाव त्याच्या नावाला चिकटून सोबत येते.

एकदा वर्गात एकाने छातीठोकपणे सांगितले, “बाई, कर असलं की तो हिंदूच!”

मी विचारले, “मशीद बंदर स्टेशन पाहिलंय का रे?”

“हो! धीमी लोकल थांबते तिथे.”

त्या स्टेशनाजवळ मांडवी भागात ज्यू लोकांचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. लोक त्यालाही मशीदच म्हणत. स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. ते १७९६ साली बांधले समाजी हसाजी दिवेकर यांनी. म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर! ते इंग्रजांच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, तेव्हा ‘सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन’ असा नवस त्यांनी केला, अशी कथा आहे.

मग ज्यू माणूस दिवेकर कसा? या लोकांना बेने इस्रायल म्हणतात. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते मानतात. ते कोकणातल्या गावांत पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अब्राहमचा आबाजी झाला, बेंजामिनचा बन्नाजी. आणि गावांवरून आडनावे पडली: किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर. ‘बूट पॉलिश’ या १९५४ च्या चित्रपटातले जॉनचाचा आठवतात का, आईबाबांना विचारा. ते काम करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या वर्षांत हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. आपल्या माणसांत चाललो, या आनंदात गेले. पण तिथे काही धर्मगुरूंनी शंका काढली, हे खरेच ज्यू का? लग्न ठरले की यांच्या आजी-पणजीपर्यंत चौकशी! कोकणात शनिवार पाळतात म्हणून वेगळे, तिकडे कोकणातून आले म्हणून वेगळे. मला तर वाचतानाच राग आला होता. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचे तिथल्या संसदेने जाहीर केले. मराठीही त्यांनी सोडली नाही. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले.

वर्गात शांतता होती. मग तोच छातीठोक मुलगा हळूच म्हणाला, “बाई, माझ्याही आडनावात गाव आहे. पण ते माझ्या बाबांनीसुद्धा पाहिलं नाही.”

मधल्या सुट्टीत तो भिंतीवरच्या नकाशापुढे उभा होता, बोटाने गाव शोधत.