करुणेची सुरुवात स्वतःपासून

कर्करोगामुळे स्तन काढून टाकावा लागलेली स्त्री रुग्णालयातून घरी परतते, तेव्हा कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. भेटीस येणारे आप्तेष्ट "जीव वाचला, हेच मोठे" असे म्हणून धीर देतात. ते खरेच असते; परंतु त्या एका वाक्याने तिच्या दुःखाची वाटही बंद होते. आरसा नकोसा होतो, पदर पुन्हा पुन्हा सावरला जातो, लग्नकार्ये टाळली जातात, पतीसमोरही संकोच वाटतो. 'या वयात रूपाचे एवढे काय?' असे ती स्वतःलाच खडसावते आणि व्रणाच्या वेदनेत अपराधीपणाची भर पडते.

हा संकोच म्हणजे रूपाचा अभिमान नव्हे. शरीराचा एक भाग गेल्यावर मनाने शोक करणे स्वाभाविकच आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये 'आत्मकरुणे'ची शास्त्रीय मांडणी केली. तिची अंगे तीन : स्वतःशी मायेने वागणे, हे दुःख आपल्या एकटीचे नाही हे जाणणे आणि वेदना न नाकारता, न वाढवता तिच्याकडे शांतपणे पाहणे.

याच सूत्रावर ऑस्ट्रेलियात स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या ३०४ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरातील बदलामुळे मनाला लागलेला एखादा प्रसंग सर्वांनी लिहायचा होता. एका गटाने तो मनात येईल तसा लिहिला. दुसऱ्या गटाला करुणेकडे नेणारे प्रश्न दिले गेले आणि शेवटी स्वतःलाच मायेचे पत्र लिहावयास सांगितले. या दुसऱ्या गटात शरीराविषयीची खंत कमी आणि आदर अधिक आढळला. केवळ दुःख ओकून टाकणे पुरेसे नसते. त्याला मायेची दिशा लागते.

हे घरीही करता येते. एक वही घ्यावी. हाच प्रसंग सख्ख्या बहिणीवर आला असता, तर तिला काय लिहिले असते, तेच स्वतःला लिहावे. ती वही कोणी न मागता वाचू नये.

कुटुंबाने उपदेशाऐवजी ऐकून घ्यावे. कृत्रिम स्तन वापरावा की नाही, पुनर्रचनेची शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णय तिचाच असावा. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप व भूक हरपली, तर समुपदेशकाचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

घरातील प्रत्येकाच्या दुखण्याखुपण्यात जी स्त्री उशाशी बसते, तिने त्या मायेचा थोडा वाटा स्वतःसाठीही राखून ठेवावा. तो तिचा हक्कच आहे.