खवल्यांचा माग आणि कायद्याचे विद्यार्थी

सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यातलं खवले मांजर मुंग्या-वाळवी खाऊन जगतं. त्याचा जीव जातो तो परदेशी बाजारात खवल्यांना असलेल्या मागणीपायी. ‘साइट्स’ या जागतिक करारातल्या देशांनी 2016 मध्ये हा व्यापार बंद करायचं ठरवलं. 2022 च्या दुरुस्तीनं त्या कराराच्या तरतुदी आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात आल्या. शिक्षा 3 ते 7 वर्षं. खटला मात्र उभा राहतो वनाधिकाऱ्याच्या फिर्यादीवर आणि पंचनाम्यावर. सहायक वनसंरक्षकानं आरोपीसमोर नोंदवलेला जबाबही पुराव्यात चालतो. म्हणून इंटर्नशिप करणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘साइट्स’च्या ठरावांआधी चांदोली-कोयनेकडच्या वन कार्यालयात जप्तीचे कागद वाचावेत. मुद्देमाल कुणी सील केला, प्रयोगशाळेत कधी गेला, हे तिथंच कळतं.